पुन्हा एकदा कांटोच्या गवतात: ‘पोकेमॉन लेट्स गो पिकाचू’

पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी चेंडूत पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी लढवायचे, अशा या मालिकेतले पहिले दोन गेम, रेड आणि ग्रीन, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी प्रसिद्ध झाले. त्यांतला कांटो हा प्रदेश मी शाळेत असताना आतेभावाच्या गेम बॉयवर पाहिला. तो डोक्यात इतका पक्का बसला, की पॅलेट टाउनमधून वर जाणारी वाट, व्हिरिडियनचे जंगल, प्यूटरचे संग्रहालय आणि माउंट मूनची गुहा ही सगळी ठिकाणे मी आजही डोळे मिटून क्रमाने सांगू शकते. ‘लेट्स गो पिकाचू’ हा निन्टेंडोच्या स्विच या गेमयंत्रावरचा गेम १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आला. १९९८च्या यलो आवृत्तीवर बेतलेला हा गेम तोच कांटो नव्याने उभा करतो. मी तो उशिरा घेतला, शेवटपर्यंत खेळले, आणि अर्धाअधिक भाग भाचीला शेजारी बसवून खेळले. तो मला मनापासून आवडला आणि काही ठिकाणी त्याने मनाला लागेल असे काही हिरावूनही घेतले.

आधी मिळाले ते सांगते. जुन्या पडद्यावर १६० बाय १४४ पिक्सेल आणि चार छटा एवढाच पसारा होता, त्यामुळे कॅटरपीसारखी अळी आणि ऑनिक्ससारखा ८.८ मीटरचा दगडी सर्प हे दोघेही लढाईच्या चित्रात जवळपास सारख्याच आकाराचे दिसत. आकार पुस्तकात वाचायचा आणि मनात मोठा करायचा, असा तो व्यवहार होता. नव्या गेममध्ये ऑनिक्सला चेंडूतून बाहेर काढले की तो खरोखर वाट अडवून उभा राहतो, आणि त्याच्या डोक्यावर बसून फिरता येते. पहिल्यांदा तशी बसले तेव्हा खाली दिसणारी घरांची छपरे, कुंपणे आणि माणसे पाहून मला जे वाटले, ते लहानपणी कल्पनेत केलेल्या सगळ्या मोजमापांचे उत्तर होते. पिकाचू हा आपला सोबती पोकेमॉन खांद्यावर बसतो, त्याला कुरवाळता येते, टोपी घालता येते, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव इतक्या आपुलकीने रंगवले आहेत की लढाई हरल्यावर त्याच्याकडे पाहवत नाही. रंग, पाणी, सावल्या, शहरांचे चौक यांत कुठेही हात आखडता घेतलेला नाही.

माझे मन मात्र अडखळले ते गवतात.

जुन्या गेममध्ये उंच गवतात पाऊल टाकले की आत काय आहे ते कळत नसे. चार पावले काहीच होत नसे, पाचव्या पावलाला पडदा लकलकायचा, संगीत बदलायचे, आणि एक काळी आकृती सरकत समोर यायची. मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांनी लहानपणच्या किडे गोळा करण्याच्या छंदातून ही कल्पना सुचल्याचे सांगितले आहे, आणि मला वाटते की तो पडदा लकलकण्याचा क्षण म्हणजे दगड उलटून खाली काय आहे ते पाहण्याचाच क्षण होता. व्हिरिडियनच्या जंगलात पिकाचू भेटण्याची शक्यता अवघी ५ टक्के होती. तो आहे हे मला भावाकडून कळले होते, पण एक अख्खी दुपार मला फक्त कॅटरपी आणि वीडल भेटत राहिले. त्या गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून ऊन जसे सरकेल तशी मी खिडकीपाशी सरकत होते. शेवटी तो दोन कानांचा काळसर आकार पडद्यावर सरकत आला, तेव्हा मी ओरडले नाही, उलट श्वास धरून बसले, कारण चुकून जास्त जोराचा वार झाला असता तर तो बेशुद्ध पडून हातचा गेला असता.

नव्या गेममध्ये पोकेमॉन गवतातून बाहेर येतात आणि आपल्या डोळ्यांसमोर वावरतात. पिजी उड्या मारत जाते, कॅटरपी सरपटते, दुर्मीळ प्राणी लांबूनच ओळखता येतो. मुख्य मालिकेत हे प्रथमच घडले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पाहायला ते फार सुंदर आहे. माउंट मूनमध्ये दर काही पावलांनी आडवे येणारे झुबॅट आता वळसा घालून चुकवता येतात, याबद्दल कोणीही तक्रार करू नये. पण जे दिसते त्याच्याकडे आपण चालत जातो, आणि जे नको त्याला टाळून पुढे जातो. गवत आता मांडणीच्या फडताळासारखे झाले आहे. त्यात हात घालताना जी धाकधूक वाटायची तीच या प्रदेशाची अर्धी खोली होती, हे ती गेल्यावर मला कळले.

याच बदलाचा दुसरा भाग मला अधिक खटकतो. बहुतेक जंगली पोकेमॉनशी आता लढावे लागत नाही, फक्त चेंडू नेम धरून फेकायचा असतो. पकडण्यातूनच आपल्या संपूर्ण चमूला अनुभव मिळतो, म्हणून एकाच जातीचे दहा-वीस पोकेमॉन पकडत राहणे फायद्याचे ठरते, आणि नको असलेले गेममधल्या प्राध्यापक ओक या पोकेमॉन-संशोधकाकडे पाठवले की त्या बदल्यात ताकद वाढवणाऱ्या गोळ्या मिळतात. जुन्या खेळात मी प्रत्येकाला नाव दिले होते, आणि पेटीत ठेवलेल्या रॅटाटाबद्दलही मला अपराधी वाटायचे. इथे मी एका बैठकीत तीस ऑडिश प्राध्यापकांकडे पाठवले, आणि त्यांतला एकही मला आठवत नाही. ज्या खेळाने मला एकेका प्राण्यावर जीव लावायला शिकवले, त्यानेच मला असे मोजायला लावावे, याचे वाईट वाटले.

रॉक टनेलची गोष्ट मात्र मला दोन्ही बाजूंनी सांगावी लागेल. जुन्या गेममध्ये पोकेमॉनला फ्लॅश ही उजेड पाडणारी चाल शिकवली नसेल तर तो बोगदा जवळजवळ काळाकुट्ट दिसे. मी ती शिकवली नव्हती. गणिताच्या चौकोनी वहीच्या मागच्या पानावर एक पाऊल म्हणजे एक चौकोन असे धरून मी त्या बोगद्याचा नकाशा काढला. भिंतीला आपटल्याचा आवाज आला की पेन्सिलीने रेघ मारायची. चार दिवसांनी लव्हेंडर टाउनच्या बाजूने बाहेर पडले तेव्हा तो नकाशा तीन पानांवर पसरला होता. आता पिकाचूच गुप्त तंत्र वापरून बोगदा उजळतो, झाड तोडतो, पाण्यावरून नेतो. पूर्वी अशा चाली एकदा शिकवल्या की पोकेमॉनच्या चालींच्या चार जागांपैकी एक कायमची अडत असे, त्यामुळे हा बदल योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. तरीही उजळलेल्या बोगद्यातून काही मिनिटांत बाहेर पडल्यावर मला ती वही आठवली.

सोपेपणा इतर ठिकाणीही आहे. प्यूटरच्या पहिल्या जिममध्ये, म्हणजे जिथे त्या शहराच्या प्रमुख खेळाडूला हरवायचे असते त्या आखाड्यात, शिरायलाच गवत किंवा पाणी प्रकारचा एखादा पोकेमॉन सोबत असावा लागतो. यलोमध्ये एकटा पिकाचू घेऊन ब्रॉक या तिथल्या प्रमुखासमोर उभे राहिल्यावर आपल्या विजेचा त्याच्या पोकेमॉनवर काडीचाही परिणाम होत नाही हे पाहून जी तारांबळ उडायची, आणि त्यातून जो धडा मिळायचा, तो इथे दारातच पढवला जातो. प्रतिस्पर्धीही आता प्रेमळ शेजारी आहे. लहान मुलांसाठी हे बरे आहे, पण चॅम्पियन झाल्यानंतरच्या लढती येईपर्यंत अनुभवी खेळाडूचा कस लागत नाही.

टीव्हीवर खेळताना चेंडू फेकण्यासाठी हात हलवावाच लागतो, आणि पोकेमॉन बाजूला सरकला की नेम हमखास चुकतो. मी बहुतेक वेळ स्विच हातात धरून खेळले. तिथे नेम धरून बटण दाबता येते आणि त्रास बराच कमी होतो.

दोघांनी खेळण्याची सोय मात्र या गेमचा सर्वांत उबदार भाग आहे. दुसरा कंट्रोलर हलवला की दुसरा खेळाडू त्याच पडद्यावर हजर होतो, आणि दोघांनी एकाच वेळी चेंडू फेकला तर पकडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे लढाया फारच सोप्या होतात हे खरे, पण “मावशी, एक, दोन, तीन!” असे मोजत आम्ही लाप्रास पकडला तेव्हा त्याचा विचार मनात आला नाही. घरात सात-आठ वर्षांचे मूल असेल तर हा गेम निःशंकपणे घ्यावा. एकट्याने जुना कांटो शोधायला निघालेल्यांनी तो सवलतीत मिळाल्यास घ्यावा, आणि जुन्या अवघड वाटांची अपेक्षा ठेवू नये.

व्हर्मिलियनच्या बंदरावर एक ट्रक उभा आहे. मूळ गेममध्ये तिथे पोहोचायला बरीच खटपट लागायची, आणि त्याच्याखाली म्यू हा अतिदुर्मीळ पोकेमॉन लपला आहे, स्ट्रेंग्थ ही ढकलण्याची चाल वापरून ट्रक हलवला की तो सापडतो, अशी अफवा शाळाशाळांतून फिरत असे. ती खोटी होती, पण आम्ही महिनोन्‌महिने त्यावर विश्वास ठेवला. २०१८मध्ये म्यू मिळवण्याची वाट म्हणजे वेगळा विकत घ्यायचा ‘पोके बॉल प्लस’ हा चेंडूच्या आकाराचा कंट्रोलर होती. म्यू त्याच्यासोबतच येत असे. भाचीने विचारले, की मी या ट्रकभोवती का घुटमळते आहे. मी तिला सगळी हकिगत सांगितली. तिने कंट्रोलर हलवला, तिचा खेळाडू पडद्यावर आला, आणि आम्ही दोघींनी त्या ट्रकला चारही बाजूंनी ढकलून पाहिले.