डालमायर 3बी: ओल्या काचेसाठी दीडशे वर्षांची लेन्स

कोलोडियन या चिकट द्रवाचा थर दिलेल्या काचेवर फोटो काढण्याच्या जुन्या पद्धतीत ती काच ओली असेपर्यंतच कामाची असते. कोलोडियन ओतणे, सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये बुडवणे, एक्स्पोजर देणे आणि डेव्हलपर टाकणे हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागते, आणि इतके करूनही त्या काचेची संवेदनशीलता आजच्या मापाने जेमतेम आयएसओ 1 भरते. त्यामुळे या कामासाठी लेन्स निवडताना ती किती प्रकाश आत घेते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. दीड वर्ष एफ/8 च्या लेन्सवर (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) काढल्यानंतर मी लंडनच्या डालमायर कंपनीची 3बी पेटंट पोर्ट्रेट लेन्स घेतली. अनुक्रमांकावरून ती 1870 च्या दशकातली ठरते. किंमत नव्या स्कूटरहून थोडी अधिक पडली.

एफ/3 चे छिद्र आणि सुमारे 290 मिलिमीटर फोकल लांबी म्हणजे पुढची काच जवळपास चार इंचांची. पुण्यातल्या माझ्या घराच्या पडवीत, सकाळच्या सावलीत, जिथे जुन्या लेन्सला 20 सेकंद लागत, तिथे हिला तीन पुरतात. शटर नाही, टोपी काढायची, मनात मोजायचे आणि पुन्हा घालायची. वीस सेकंद मान धरून बसलेल्या माणसाचा चेहरा ताठरतो, तीन सेकंदांत तो त्याचा स्वतःचा राहतो. खर्चाचे समर्थन करायला मला एवढा एकच फरक पुरेसा वाटतो.

ही लेन्स ज्या पेट्झव्हाल घराण्यातली, त्यातल्या लेन्सची ख्याती हल्ली पार्श्वभूमीतल्या भोवऱ्यासारख्या धूसरपणामुळे पसरली आहे. पण 1840 मध्ये जोसेफ पेट्झव्हाल यांनी ही रचना केली ती पोर्ट्रेटचा वेळ कमी करण्यासाठी, आणि लेन्सला तिच्या योग्य आकाराची प्लेट दिली तर भोवरा फारसा दिसतही नाही. केवळ त्यासाठी एवढे पैसे घालवू नयेत. खरी अडचण फोकसची आहे: छिद्र पूर्ण उघडे ठेवून चेहरा जवळून घेतला, तर डोळा स्पष्ट येतो आणि कान विरघळतो. मी बसणाऱ्याच्या डोक्यामागे टेकू लावतो. जुन्या स्टुडिओंत तो का असे, हे आता नीट कळले.

डालमायरच्या 1866 च्या पेटंटनुसार लेन्सच्या मागच्या भागाची रचना बदललेली असून तो भाग आटे फिरवून थोडा उलगडला की चित्रात मृदुता येते. एका फेऱ्यापर्यंत ती सुंदर दिसते, त्यापुढे उजळ भागांवर दुधाळ पसारा येतो. उलगडल्यावर फोकस सरकतो, म्हणून ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या धुरकट काचेवर, पुन्हा पाहणे भाग आहे.

काही गोष्टींना मात्र लेन्सचा इलाज नाही. कोलोडियनला निळा आणि अतिनील प्रकाशच दिसतो, त्यामुळे मावशींच्या कपाळावरचे लाल कुंकू काळे ठिक्कर आले आणि निळे लुगडे जवळपास पांढरे. कोलोडियनमधला ईथर साधारण 35 अंशांना उकळतो. एप्रिलच्या दुपारी कोलोडियन काचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच आळते आणि वळ्या पडतात. उन्हाळ्यात मी ईथर कमी, अल्कोहोल जास्त असे मिश्रण करून सकाळी नऊच्या आत काम आटोपतो.

तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. जाहिरातीत ‘संपूर्ण’ म्हटलेल्या या लेन्सबरोबर फ्लँज, म्हणजे ती कॅमेऱ्यावर बसवायची कडी, नव्हती आणि छिद्र लहान करण्यासाठी नळीतल्या खाचेत घालायच्या भोकाच्या पट्ट्या, म्हणजे वॉटरहाउस स्टॉपही नव्हते. तिचे आटे आजच्या कुठल्याच मापात बसत नसल्याने फ्लँज भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून घडवून घ्यावी लागली, ज्यात तीन आठवडे गेले. स्टॉप मी काळ्या पुठ्ठ्याचे कापले, ते उत्तम चालतात. घेण्यापूर्वी या दोन वस्तूंचे फोटो मागवून घ्यावेत, आणि काचांच्या जोडात त्यांना चिकटवणारे बाल्सम पिवळे पडले आहे का तेही विचारावे, कारण पिवळेपणा नेमका आपल्याला हवा असलेला निळा प्रकाश अडवतो.