निळ्या व्हँडाच्या नावाखाली ६,५५० रुपयांचा गंडा

मेघालयातल्या खासी टेकड्यांतली व्हँडा सेरुलिया, म्हणजे निळी व्हँडा (झाडांवर वाढणारे एक ऑर्किड), समाजमाध्यमावरच्या एका विक्रेत्याने मला विकली: दोन रोपांचे ३,६०० रुपये, कुरियरचे ४५० आणि ‘वनखात्याच्या वाहतूक परवान्याचे’ २,५००. पैसे आधी आणि रोप नंतर हा प्रकार मलाही ठाऊक होता. परंतु व्हँडाची मुळे मातीत पुरू नयेत, रुपेरी मुळे हिरवी होईपर्यंत सकाळीच भिजवावीत, हे सारे या गृहस्थाने बिनचूक सांगितले होते, आणि जो स्वतःहून परवान्याचा विषय काढतो त्याच्यावर संशय कोण घेईल?

ते शुल्क सरकारी चलनाने नव्हे, तर क्यूआर कोडवर मागितले गेले. कोडखालचे नाव खासगी व्यक्तीचे होते, विक्रेत्याचेही नव्हते. ते मी वाचले आणि तरीही पैसे पाठवले, याची चीड अजून जात नाही. सरकारी शुल्क कोणत्याही खासगी खात्यात भरू नका. पार्सलमधल्या रोपांची मुळे तोडलेली होती, त्यांना झाडाची साल आणि शेवाळ चिकटलेले होते. ‘प्रवासात मोडली,’ असे उत्तर मिळाले. रोपवाटिकेतल्या टोपलीत वाढलेल्या रोपाला रानातली साल कुठून चिकटणार? म्हणून पैसे देण्यापूर्वीच मुळांचा व्हिडिओ मागवा.

एक रोप कुजले. दुसऱ्याला जूनमध्ये पांढऱ्यावर जांभळट ठिपक्यांचा लोंबता तुरा आला: ती आपली सीतेची वेणी, म्हणजे सह्याद्रीतल्या झाडांवर सहज दिसणारे दुसरेच ऑर्किड. निळ्या व्हँडाच्या पाकळ्यांवर गडद निळी जाळी असते, आणि थंड डोंगराळ हवेतली ही वनस्पती मैदानी उन्हाळ्यात सहज फुलेल असे सांगणारा तिथेच खोटा ठरतो.

पोलीस ठाण्यात ‘रोप मिळाले ना, मग फसवणूक कसली?’ असे हसत विचारले गेले. वन कार्यालयात तर माझीच उलटतपासणी झाली: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असलेली वनस्पती तुम्ही घेतलीच कशी, पक्की पावती कुठे आहे? परवाना खरा की बनावट, एवढे सांगायलाही कोणी तयार नव्हते. ‘विषय दुसऱ्या राज्याचा आहे’ म्हणून मला वाटेला लावले. रानातून रोपे ओरबाडणाऱ्याचा क्रमांक मी समोर धरला होता, तो कोणी लिहूनही घेतला नाही. तुमचे पैसे गेले तर कार्यालये झिजवण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, आणि रोप घ्यायचे तर परवानाधारक रोपवाटिकेतले, ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेले), पावतीसह घ्या.

तो क्रमांक अजून चालू आहे. सध्या त्यावर लाल व्हँडा विकली जाते, तीही संरक्षितच, आणि तीही ‘परवान्यासह’.