गोठ्यातले भोजनगृह : मंगळवेढा रस्त्यावरील एका शेतवाड्याविषयी

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका जुन्या शेतवाड्यात, गोठा आणि धान्याची कोठी यांचे रूपांतर करून, भोजनगृह चालवले जाते. मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगांची भाजी आणि उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी हे पदार्थ तिथे उत्तम मिळतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन का मिळाले असावे, हे ती भाकरी खाताना पटते. मात्र मला अधिक लिहावेसे वाटते ते वास्तूविषयी.

गोठ्याचे माळवद, म्हणजे तुळयांवर माती पसरून केलेले सपाट छप्पर, पाडून पत्रे टाकण्याचा सोपा मार्ग मालकांनी टाळला, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन करायला हवे. जाड भिंती आणि तुळयांवरचा पांढऱ्या मातीचा भर यांमुळे, बाहेर पारा चाळिशीच्या वर असतानाही, आत नुसत्या पंख्यावर भागते. सवण्यांवरची, म्हणजे छपरातल्या झरोक्यांवरची, काच थोडी उचलून बसवल्याने उजेड येतो आणि तापलेली हवाही निघून जाते. गळती थांबवण्यासाठी वेळोवेळी मातीचा नवा थर देण्याची रीत असल्याने जुन्या माळवदांचे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते, आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती व अशीच जड छपरे अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली. इथे जादा थर उतरवून कुजलेल्या तुळया बदलल्या आहेत. ताटात न दिसणारा हा खर्च मला सर्वांत मोलाचा वाटला.

अंगणातल्या पेवाचे, म्हणजे धान्य साठवण्याच्या जमिनीतल्या खड्ड्याचे, तोंड भक्कम जाळीने बंद केले आहे, तेही योग्यच. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू घटून कार्बन डायऑक्साइड साचतो; त्यामुळे कीड मरते, पण घाईने आत उतरणारा माणूसही गुदमरतो. शेजारच्या पाटीवर ही माहिती दिली असती तर मुलांना पेव नीट समजले असते.

कोठीची वातानुकूलित खोली मात्र निराशा करते. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग दिल्याने जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडू शकत नाही. जोत्यालगत गिलावा आताच फुगला असून पोपडे सुटू लागले आहेत. तो काढून चुन्याचा गिलावा करावा, अशी मालकांना आग्रहाची विनंती आहे. तोवर जेवायला जाणाऱ्यांनी गोठ्यातलीच जागा मागून घ्यावी.