आयलंड पीकची गाइडेड मोहीम: काठमांडूच्या ठमेल भागातल्या एका छोट्या एजन्सीचा अनुभव

ही एजन्सी मी निवडली कारण तिने मला नकार दिला. मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवते. मोठी रजा दिवाळीच्या सुट्टीला जोडूनच मिळते. आयलंड पीक हे नेपाळमधलं, एव्हरेस्टच्या परिसरातलं सहा हजार मीटरवरचं शिखर. त्यासाठी काठमांडूच्या बऱ्याच एजन्सींना मी एकच मेल पाठवली आणि शेवटी मुद्दाम विचारलं, की वाटेतल्या नामचे आणि दिंगबोचे या गावांतले, उंचीची सवय होण्यासाठीचे जादा मुक्काम काढून कार्यक्रम थोडा आवरता येईल का. बहुतेकांचं उत्तर त्याच दिवशी आलं, 'येईल, काही अडचण नाही'. एकाने तर लगेच 13 दिवसांचा नवा तक्ता जोडून पाठवला. या एजन्सीने मात्र लिहिलं, की ते दोन मुक्काम निघणार नाहीत. सुट्टी कमी असेल तर एव्हरेस्ट बेस कॅम्पचा भाग गाळा, नाहीतर पुढच्या वर्षी या. मी बिनपगारी रजेचा अर्ज टाकला आणि त्यांना होकार कळवला.

एजन्सीचं नाव लिहीत नाही. तिथे गाइड दर हंगामाला या दुकानातून त्या दुकानात जातात, त्यामुळे नावापेक्षा आम्ही चौघांनी काय विचारलं आणि काय मिळालं हे तुमच्या जास्त कामाचं आहे.

त्या दोन मुक्कामांवर मी एवढी का अडले ते सांगते. विमानाने उतरून चालायला सुरुवात होते ते लुकला साधारण 2,860 मीटरवर, नामचे बाजार 3,440, दिंगबोचे 4,410, छुकुंग 4,730 आणि आयलंड पीकचा बेस कॅम्प 5,100 च्या आसपास. शिखर 6,189 मीटर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर काढावा, असं डॉक्टर सांगतात. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. आमचं कळसूबाई आहे 1,646 मीटरचं. अलंग-मदन-कुलंग हे किल्ले एका दमात करणारी माणसं आमच्या गिर्यारोहण क्लबात आहेत, पण त्यांचं शरीर विरळ हवेत कसं वागेल हे सह्याद्रीत कधीच कळत नाही. उलट दणकट माणूस नामचेला थांबायला कंटाळतो आणि दिंगबोचेला डोकं धरून बसतो.

शिखराबद्दल थोडं. स्थानिक नाव इम्जा त्से. 1951 साली ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांच्या तुकडीला दिंगबोचेकडून ते बर्फाच्या समुद्रातल्या बेटासारखं दिसलं, म्हणून आयलंड पीक. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या मंडळींनी सरावासाठी म्हणून ते पहिल्यांदा चढलं. परवाना नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशन देते. बऱ्याच जाहिरातींत ते बेस कॅम्प ट्रेकला जोडून मिळणारं आणखी एक ठिकाण असल्यासारखं विकलं जातं, आणि याचा मला मनापासून राग येतो. शेवटच्या टप्प्यात हिमनदी आहे, हिमभेगा आहेत, त्यांच्यावर टाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या आहेत, आणि मग शंभर मीटरहून जास्त उंचीची बर्फाची उभी भिंत. ती फिक्स्ड रोपवर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावून चढायची, आणि दोरावरूनच उतरायची. शिड्या किती आणि कुठे हे हिमनदी ठरवते, दर वर्षी चित्र वेगळं. म्हणून तीन-चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याच्या सांगण्यावर विसंबू नका. 'मागच्या हंगामातले फोटो पाठवा' असं एजन्सीला सांगा. आमच्यांनी फोटो पाठवले, शिवाय गाइडने काढलेला व्हिडिओसुद्धा.

मेलवर विचारलेले बाकीचे प्रश्न असे. शिखराच्या रात्री किती जणांमागे एक क्लाइंबिंग गाइड? त्याच्या परवान्याची प्रत मिळेल का? आमच्यातला एक जण मागे फिरला तर त्याच्याबरोबर कोण उतरणार आणि बाकीच्यांचं काय? राखीव दिवस आहे का, आणि वापरला नाही तर त्याचे पैसे कोणाचे? हेलिकॉप्टर बोलवायचं कोण ठरवणार?

हा शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. पण 2018 मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार उघड झाले होते, तेव्हा तो विचारायलाच हवा. आम्हाला उत्तर मिळालं, की गाइड सॅटेलाइट फोनवरून काठमांडूशी बोलेल, काठमांडूहून विमा कंपनीशी आणि घरच्यांशी बोलणं होईल, मग हेलिकॉप्टर. जीव धोक्यात असेल तर आधी हेलिकॉप्टर, बोलणं मागाहून. विम्याचं तुम्हालाच बघावं लागेल. भारतातल्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत दोर वापरून केलेली चढाई बहुधा वगळलेली असते. सहा हजार मीटरच्या वरचं गिर्यारोहण आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही गोष्टी पॉलिसीत शब्दांत लिहिलेल्या असल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि समिट बोनस. नेपाळमध्ये शिखर झालं की गाइडला वेगळी रक्कम द्यायची पद्धत आहे. शिखर झालं तरच पैसे, असा करार असेल तर मागे फिरवताना त्या माणसाच्या पोटावर पाय येतो. मी विचारलं, बोनस आधीच किमतीत धरून, निकाल काहीही लागला तरी देता येईल का? मालक स्वतः एव्हरेस्टच्या सोलुखुंबू जिल्ह्यातले शेर्पा, आधी चढाई करणारे. त्यांनी सांगितलं, की क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाला लावायचे काटे) चढवायच्या जागेपर्यंत गाइड पोचला की त्याचा बोनस पक्का, पुढे निर्णय त्याचा. माझ्यासाठी सगळ्या पत्रव्यवहारातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे.

पैशांचं सांगायचं तर माणशी साधारण 2 लाख रुपये एजन्सीचे. विमा, काठमांडूपर्यंतचं विमान, टिप आणि वरखर्च वेगळा. 13 दिवसवाल्यांचा भाव यापेक्षा बराच खाली होता. पहिल्या अंदाजपत्रकात, वाट ज्यातून जाते त्या सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क 3,000 नेपाळी रुपये लावलं होतं. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना ते 1,500 आहे. दाखवल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त केलं. वरखर्चात गरम पाण्याची अंघोळ, मोबाइल चार्जिंग, वायफाय आणि पिण्याचं पाणी येतं, आणि उंची वाढेल तसे हे दर चढत जातात. पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या न्या. पैसे वाचतात आणि प्लास्टिकच्या बाटल्याही वाढत नाहीत.

आपली दिवाळी म्हणजे तिकडचं तिहार. सरकारी कचेऱ्या बंद, पोर्टर घरी गेलेले. एजन्सीने पासपोर्टच्या प्रती महिनाभर आधी मागवून परवाना सणाच्या आधीच काढून ठेवला होता. सणात घर सोडून आलेल्या पोर्टरना जादा मजुरी देणार असल्याचं आम्हाला आधी कळवलं आणि ती रक्कम बिलात वेगळी दाखवली. एका पोर्टरच्या पाठीवर दोघांच्या बॅगा, एकूण तीस किलोपर्यंत. नामचेला त्यांनी आमच्यासमोर वजन केलं. कुणाच्या पाठीवर किती आहे हे पाहणारी एजन्सी बाकीच्या गोष्टींतही काळजी घेते, असं मला वाटतं.

आता तक्रारी. ऑक्टोबरच्या गर्दीत लुकलाची विमानं काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात. तिथे पहाटे पोचायला मध्यरात्रीच काठमांडू सोडावं लागतं. त्यांच्या तक्त्यात हे तळटीपेत बारीक अक्षरांत होतं. ते पहिल्या पानावर हवं, कारण आदल्या संध्याकाळी काठमांडूत उतरणाऱ्याला ती रात्र झोपेविना जाते आणि मोहिमेची सुरुवातच थकव्याने होते. दुसरी तक्रार बुटांची. 'छुकुंगला सगळं भाड्याने छान मिळतं' असं त्यांनी लिहिलं होतं. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), जुमार, आइस अ‍ॅक्स चांगले मिळाले. डबल बूट (आत वेगळा गरम थर असलेले) मात्र वापरून वापरून आतून दबलेले होते, आणि माझ्या मापाची एकच जोडी उरली होती. क्रॅम्पॉन त्या बुटावर नीट बसवायला गाइडचा तासभर गेला. बायकांनी विशेष ध्यानात ठेवा, लहान मापं तिथे लवकर संपतात. काठमांडूत ठमेलमध्येच भाड्याने घ्या, दुकानात अर्धा तास घालून चाला, उतारावर अंगठा पुढे आदळतो का ते पाहा.

तयारीत सह्याद्रीचा एक उपयोग नक्की होतो, आणि तो दोराचा. आम्ही पावसाळा संपल्यावर दर रविवारी अंजनेरीच्या बाजूला जुमारिंग आणि रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) करत होतो, तेही जाड हातमोजे घालून. अँकरपाशी, म्हणजे दोर जिथे बांधलेला असतो तिथे, एक कॅराबिनर (दोरात अडकवायची कडी) पुढच्या दोरात अडकवल्याशिवाय मागचा सोडायचा नाही, ही सवय हाताला हवी. वर डोकं चालत नाही. बेस कॅम्पला गाइडने जवळच्या उतारावर दोर बांधून आमच्याकडून हे सगळं करून घेतलं. बऱ्याच तुकड्यांचा सराव फोटो काढण्यात संपतो. आमचा गाइड मात्र ज्याचा हात चुकला त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावत होता, आवाज न चढवता.

चालण्याच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, त्या वाटेवर पुष्कळांनी लिहिलं आहे. जेवण साधं आणि गरम, डाळ-भात पोटभर. गाइड रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर लावून आकडे वहीत लिहायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'दिदी, रात्री झोप लागली का, किती पोळ्या खाल्ल्या' असं विचारायचा. छुकुंगहून बेस कॅम्पला जाताना इम्जा हिमसरोवराच्या मोरेनची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाची, वाट लागते. हिमनद्या वितळून वाढत गेलेलं हे तळं फुटू नये म्हणून 2016 मध्ये त्याची पातळी साडेतीन मीटरच्या आसपास उतरवली. वर्गात नकाशावर शिकवलेली गोष्ट तिथे समोर होती, मी बराच वेळ थांबले आणि त्यांनी थांबू दिलं.

शिखराच्या रात्री एक वाजता निघालो. 5,600 मीटरच्या हाय कॅम्पला मुक्काम करायचा की थेट बेस कॅम्पहून जायचं, यावर मतं वेगवेगळी असतात. आमच्या एजन्सीचं म्हणणं, वर झोप लागत नाही, पाण्याचे हाल होतात, त्यापेक्षा खाली पोटभर खाऊन निघा. चौघांना दोन क्लाइंबिंग गाइड आणि एक मदतनीस. भिंतीखाली पोचलो तेव्हा वर तीन तुकड्या लटकलेल्या होत्या. थांबावं लागलं, आणि थंडी तिथेच लागते. माझ्या मावसबहिणीची बोटं बधिर झाली. गाइडने तिचे हातमोजे काढून बोटं स्वतःच्या काखेत धरली, मग तिला आपल्या हाताने कॅराबिनरचा स्क्रू उघडायला सांगितलं. दोनदा सांगितलं. तिला उघडता आला नाही. तो म्हणाला, "दिदी, आता खाली." ती रडली, भांडली, मलाही मध्ये घातलं. त्याने तेवढंच वाक्य पुन्हा म्हटलं आणि दुसरा गाइड तिला घेऊन उतरला. तिघांना घेऊन एक गाइड आणि मदतनीस वर गेले.

हेच दोन मदतीचे हात कमी असते तर तिच्या बोटांपायी सगळ्यांना उतरावं लागलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिला ओढत वर नेलं असतं. भिंतीनंतरची धार अरुंद आहे, माथ्यावर जेमतेम काही माणसं मावतात. समोर ल्होत्सेची दक्षिण भिंत सगळं आभाळ अडवते, म्हणून एव्हरेस्ट दिसत नाही. त्याच्या आशेने जाणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं. मकालू आणि अमा दबलम मात्र पोटभर दिसतात. उतरताना रॅपेलच्या प्रत्येक अँकरपाशी गाइडने आमची गाठ तपासली, आम्हाला येतंय हे दिसत असूनही.

मावसबहिणीची बोटं दोन आठवड्यांत पूर्ववत झाली. राखीव दिवस वापरला गेला नव्हता; त्याचे हॉटेल आणि जेवणाचे पैसे त्यांनी ठरल्याप्रमाणे काठमांडूत परत दिले, मला मागावे लागले नाहीत.

कुणाला ही एजन्सी शोभणार नाही? ज्याला ठरलेल्या तारखेला विमान पकडायचंच आहे, किंवा गाइडने 'नाही' म्हटल्यावर जो मालकाला फोन लावेल, त्याला. ज्यांनी कधी दोर हाताळलेला नाही त्यांनाही ते मेरा पीक सुचवतात. 6,476 मीटर, म्हणजे उंची जास्त, पण वाट चालण्याची आणि उभी भिंत जवळजवळ नाही. आमच्या क्लबातली दोघं येत्या एप्रिलमध्ये याच लोकांबरोबर मेराला निघाली आहेत. मावसबहिणीने आयलंड पीकचीच पुन्हा विचारणा केली आणि तोच गाइड मिळेल का असं विचारलं. बूट या वेळी ती स्वतःचे विकत घेणार आहे.