पियानोच्या खुंट्यांना ‘औषध’ घालणाऱ्यांपासून सावध

घरचा पियानो लावायला अनोळखी ट्यूनर बोलावणार असाल, तर हे वाचून मग बोलवा.

आमच्याकडे आलेल्याने दोन-चार पट्ट्या वाजवल्या, मान हलवली आणि निकाल दिला: तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल झाल्यात, नुसतं ट्यूनिंग टिकणार नाही, आधी ‘औषध’ सोडावं लागेल. खुंट्या फिरवायची किल्ली अजून पिशवीतच होती! खुंटी सैल आहे का, हे ती किल्लीने फिरवताना हाताला किती जोर लागतो त्यावरून कळतं. पण बोलण्यात अशी सफाई, की घरच्यांनी पैसे काढून दिले. त्याने कसलासा तेलकट द्रव सरसकट सगळ्या खुंट्यांच्या मुळाशी सोडला, मधली सप्तकं लावली, एक झकास धून वाजवून दाखवली आणि पाऊण तासाच्या आत पसार झाला. धून अर्थात मधल्या सप्तकांतलीच.

पियानोत पट्ट्या 88, पण तारा साधारण 230. खोल खर्जात एका सुराला एक तार, मग दोन, आणि वरच्या बऱ्याच भागात तीन-तीन. त्या तिन्ही जुळल्या नाहीत तर एकाच सुरात ‘वाँव-वाँव’ अशी लाट ऐकू येते. आमच्या वरच्या टोकाला ती जशीच्या तशी होती. सगळ्या तारा नीट लावायला दीड-दोन तास लागतातच.

नंतर एका जाणकाराने तपासलं. बहुतेक खुंट्या घट्टच निघाल्या. सूर उतरला होता तो कोरड्या हवेने: दमट हवेत आतला लाकडी साउंडबोर्ड (तारांचा नाद घुमवणारी फळी) फुगतो आणि सूर चढतो, कोरड्या हवेत उलट. वर्षातून दोनदा लावून घ्या म्हणतात ते यासाठीच. त्या द्रवाचं दुखणं मात्र मागे राहतं. ग्लिसरीनसारख्या द्रवाने खुंटीभोवतीचं लाकूड फुगून खुंटी काही काळ धरते, पण पुढे ती खरंच सैल झाली की पातळ सुपरग्लू सोडून ती घट्ट करायचा उपाय तिथे नीट लागू पडत नाही. मग जाड खुंट्या बसवायचा मोठा खर्च. त्याचीही ‘सोय’ हा गृहस्थ जाता जाता सुचवून गेला होता.

पैसे देण्याआधी स्वतः पियानोवर बसा. मधल्या ‘सी’च्या वरचा ‘ए’ 440 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कशी ताडून पाहा (जुना पियानो मुद्दाम खालच्या सुरात लावायचा असेल, तर ट्यूनरने तसं आधीच सांगायला हवं). मग एकेक पट्टी वाजवत दोन्ही टोकांपर्यंत जा. आणि किल्ली लावण्याआधीच बाटली बाहेर आली, तर काम तिथेच थांबवा.