ठाण्यातलं जुन्या खेळवस्तूंचं दुकान आणि तिथला रविवारचा ‘भाव ओळखा’, आवड असेल तर जाच

नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत हे दुकान आहे. बाहेरून जुनी नाणी नि पोस्टाची तिकिटं विकणारं वाटतं, आणि ते तेही विकतात, पण आत गेलात की डाव्या हाताच्या काचेच्या कपाटात रणजीची जुनी स्कोअरकार्डं, सह्या केलेल्या छोट्या बॅटी आणि एका खणात चक्क अमेरिकन बेसबॉलची कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी पुठ्ठ्याची कार्डं, आहेत. दुकान चांगलंच आहे, भाव वाजवी आहेत, पण मी हे लिहितेय ते मुख्यतः रविवारी संध्याकाळी तिथे जो ‘भाव ओळखा’ चालतो त्यासाठी, कारण त्याबद्दल कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही आणि लोकांना कळायला हवं.

होतं असं की दुकानवाले काका भिंतीवरच्या टीव्हीवर एखाद्या जुन्या लिलावातल्या लॉटचे, म्हणजे बोलीला ठेवलेल्या वस्तूचे, फोटो लावतात, पुढून, मागून, कोपरे मोठे करून, आणि लॉटचं वर्णन मराठीत समजावून सांगतात. किंमत झाकलेली. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर डॉलरमधे आकडा लिहायचा आणि त्याखाली एक ओळ कारण लिहायचं. कारण नसलेली चिठ्ठी बाद, आकडा कितीही जवळचा असला तरी बाद. पैसे लावायचे नाहीत हं, जिंकणाऱ्याला कार्डं ठेवायची प्लास्टिकची पाकिटं मिळतात, बस. शंभर रुपये घेतात, त्यात चहा आणि वडा.

बेसबॉलच का, हा प्रश्न मलाही पडला होता. काका म्हणाले, “अगं, क्रिकेटची वस्तू दाखवली की सगळे मनातलं लिहितात. सचिन दिसला की शून्यं वाढतात. बेसबॉलमधे आपलं कुणी नाही, म्हणून वस्तूकडे बघावं लागतं.” आणि हे शंभर टक्के पटलं मला. शिवाय तिकडच्या लिलावांच्या किमती वर्षानुवर्षं जाहीर होत आल्यात, तोच लॉट आधी केवढ्याला गेला आणि नंतर केवढ्याला ते शेजारी ठेवून बघता येतं.

उदाहरण सांगते. १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं, मिकी मॅंटल या बेसबॉलपटूचं कार्ड, नंबर ३११. ऑगस्ट २०२२ मधे ते १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, आणि ज्याने विकलं त्याने १९९१ मधे ते ५० हजारला घेतलेलं. आता हे मॅंटलचं पहिलं कार्डसुद्धा नाही, पहिलं १९५१ चं बोमन कंपनीचं. मग एवढी किंमत का? एक म्हणजे त्या सिरीजची न खपलेली खोकीच्या खोकी कंपनीने १९६० मधे बोटीतून नेऊन समुद्रात टाकली, आणि दुसरं म्हणजे या कार्डाला ग्रेडिंगमधे, म्हणजे तज्ज्ञ कंपन्या कार्डाच्या अवस्थेला गुण देतात त्यात, दहापैकी साडेनऊ मिळालेत. त्याच कार्डाची दुसरी प्रत, नऊची, जानेवारी २०२१ मधे ५२ लाखाला गेली होती. मधे बाजारही चढला हे खरं, तरी कोपऱ्यांची धार आणि चित्र कडांपासून किती मधोमध आहे यावर एवढा पैसा फिरतो हे टीव्हीवर कोपरे मोठे करून बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. आणि लगेच पुढचा लॉट म्हणून काका होनस वॅग्नर या त्याहून जुन्या खेळाडूचं कार्ड लावतात, १९०९ ते ११ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटात यायचं ते. ग्रेड फक्त तीन. सगळे आकडा खाली आणतात आणि ते निघतं ६६ लाखाच्या वर, ऑगस्ट २०२१. कारण ते उरलेच साठेक, वॅग्नरने परवानगी न दिल्यामुळे छपाई थांबली (तंबाखूला विरोध म्हणून की पैशावरून यावर अजून वाद आहे). म्हणजे एकीकडे अवस्था बघायची, दुसरीकडे अवस्था विसरायची, आणि कधी काय ते वस्तूच सांगते.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो बेब रूथ या बेसबॉलपटूच्या जर्सीचा लॉट. राखाडी जर्सी, छातीवर न्यूयॉर्क अशी अक्षरं, मधोमध बटणांची पट्टी. १९३२ ची वर्ल्ड सिरीज (तिकडच्या मोसमाची अंतिम मालिका), तिसरा सामना, शिकागोत, ज्यात रूथने म्हणे बोट दाखवून मग तिकडेच होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला. ही जर्सी २००५ मधे ९ लाख ४० हजार डॉलरला विकली गेलेली. मग काकांनी जुने कृष्णधवल फोटो आणि जर्सीचा फोटो शेजारी शेजारी लावले आणि दाखवलं की तज्ज्ञ एकेक अक्षर बटणांच्या पट्टीपासून कुठे शिवलंय ते फोटोतल्या जागेशी ताडून बघतात, कारण तेव्हा अक्षरं हाताने लावायचे, दोन जर्स्या हुबेहूब सारख्या निघायच्याच नाहीत. फोटो जुळला म्हणजे जर्सी त्याच दिवशी त्याच्याच अंगावर होती. ऑगस्ट २०२४, २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलर. खोलीत कुणीच तिथपर्यंत गेलं नव्हतं, फक्त कळव्याहून येणारी एक कॉलेजची मुलगी दीड कोटीवर होती आणि तिच्या चिठ्ठीवर कारण होतं “सामना सिद्ध झाला”. तीन शब्द, आणि एकदम बरोबर.

चेंडूंवरची चर्चा तर भांडणापर्यंत जाते. मार्क मॅकग्वायरने १९९८ मधे मोसमातला सत्तरावा होमरन मारला, तो चेंडू १९९९ मधे ३० लाखाला गेला. बॅरी बॉंड्सने २००१ मधे ७३ मारून तो विक्रम मोडला आणि तो त्र्याहत्तरावा चेंडू, दोन प्रेक्षकांमधे कोर्टकज्जे होऊन, २००३ मधे फक्त साडेचार लाखाला गेला. विक्रम मोठा, भाव सहावा हिस्सासुद्धा नाही! बँकेतून रिटायर झालेले एक काका येतात ते तावातावाने म्हणत होते की हे अन्यायकारक आहे. मला नाही वाटत. पहिल्या वेळी सगळा देश वेडा झाला होता, दुसऱ्या वेळेपर्यंत विक्रम तीन वर्षांत मोडतात हे कळलं होतं, आणि खेळाडू स्टेरॉइड घेतात हा संशय वाढत चालला होता. खरेदी करणारा त्या क्षणाचा टिकाऊपणा विकत घेतो.

शेवटचा लॉट मात्र क्रिकेटचा असतो आणि तिथे दिसतं कोण काय शिकलं ते. ब्रॅडमनची १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेतली टोपी, जिच्यात त्याने ७१५ धावा केल्या, आणि जी त्याने भारतीय टीमचे मॅनेजर पंकज गुप्ता यांना दिली. रंग उन्हाने उडालेला, किड्यांनी खाल्लेली. डिसेंबर २०२४ मधे सिडनीत हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली थांबली, ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर, पण लिलाववाल्यांचं कमिशन धरून घेणाऱ्याला पडली ४ लाख ७९ हजार ७०० ला. आणि शेन वॉर्नची टोपी जानेवारी २०२० मधे दहा लाखाच्या वर गेली, कारण ती वणव्यातल्या लोकांच्या मदतीसाठी होती. मदतीच्या लिलावातला आकडा बाजारभाव म्हणून धरायचा नाही, हे काका दर वेळी बजावतात आणि ते योग्यच आहे.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. एक, हातोड्याची किंमत विचारतायत की कमिशन धरून, हे आधी सांगत नाहीत, उत्तर उघडल्यावर कळतं. वीस टक्क्यांचा फरक पडतो, पाटीवर लिहून ठेवा ना. दोन, जिंकणारा ठरवतात तो डॉलरच्या फरकावर, हे मला अजिबात पटत नाही. दोन कोटींच्या जर्सीत दहा लाखाने चुकणं आणि वीस हजारांच्या कार्डात दहा लाखाने चुकणं एक कसं? किती पटीने चुकलं ते मोजायला हवं. तीन, पंखा एकच आहे, मे महिन्यात जीव जातो. वेळ सहाची सांगतात आणि सुरू होतं साडेसहाच्या पुढे.

आणि एक फार महत्त्वाचं, काका सहीची खात्री देत नाहीत. कुणी घरातली सही केलेली बॅट घेऊन आलं तर सरळ सांगतात की मी सांगू शकत नाही, सही करतानाचा फोटो किंवा कागद असेल तर आणा. काही लोक नाराज होऊन जातात, मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत एफबीआयने नव्वदच्या दशकात खोट्या सह्यांचा धंदा पकडला त्यात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल सापडले होते, एवढं सगळं चालतं या क्षेत्रात.

गाडी आणू नका, गल्लीत लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं. बसायला वीसेक खुर्च्या आहेत त्यामुळे आदल्या दिवशी दुकानात फोन करून नाव द्या. बारा-तेरा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर घेऊन जा, त्यांना इंग्रजी वर्णनं वाचायची सवय लागते, आणि कारणाची ओळ लिहिताना ती आपल्यापेक्षा जास्त विचार करतात.