रेड बसली: जागेवर रिबिल्ड, घरी क्लोन, बर्डीचं दुकान की बाहेरगावची लॅब?

चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा), त्यात रेड ५ (अनेक डिस्क मिळून एकच साठा करणारी रचना), आणि अचानक 'व्हॉल्यूम क्रॅश्ड', म्हणजे साठा उघडतच नाही. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांचे स्कॅन असोत, धरमपेठेतल्या सीएंचा टॅलीचा डेटा असो की लग्नाच्या सीझनचे फोटो, अशा वेळी पहिला फोन ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला जातो आणि तिकडून उत्तर येतं, "नवी डिस्क टाका, रिबिल्ड करा." माझं ठाम मत आहे की डेटाचं सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्यानेच होतं.

रिबिल्ड म्हणजे उरलेल्या डिस्क वाचून गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा तयार करणं. तो कुठे चालतो तेवढं आधी सांगतो. एकच डिस्क गेली आहे, बाकीच्यांचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेला तब्येतीचा अहवाल) स्वच्छ आहे आणि ताजा बॅकअप वेगळ्या जागी आहे, तर खुशाल करा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर हात आवरा. रेड ५ एक डिस्क सोसते, रेड ६ दोन. रिबिल्डमध्ये उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचला जातो, आणि त्या डिस्क बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, तितक्याच थकलेल्या असतात. साध्या डिस्कच्या कागदोपत्री हमीप्रमाणे साधारण १२.५ टीबी वाचनामागे एखादी चूक गृहीत असते. ४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रिबिल्डला १२ टीबी वाचावं लागतं. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात, पण एकुलत्या एका प्रतीवर हा जुगार कशाला? त्यातून आपला मे महिना. बऱ्याच डिस्कची मर्यादा ६० अंशांची. रात्री एसी बंद करून, शटर ओढून रिबिल्ड लावून जाऊ नका.

घरी क्लोन करणं, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढणं, हा माझ्या आवडीचा मार्ग, पण फक्त डिस्क ओळखल्या जात असतील आणि टक-टक आवाज येत नसेल तरच. आवाज आला की वीज बंद, आणि सरळ लॅब. क्लोनसाठी तितक्याच किंवा मोठ्या डिस्क लागतात, म्हणजे खर्च आहेच. काढण्याआधी प्रत्येक डिस्कवर कप्प्याचा नंबर लिहा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा क्लोन काढणारा प्रोग्राम चालवा आणि मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवाच, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. धडधाकट ४ टीबी डिस्कला सेकंदाला १५० एमबी वेगाने साडेसात तास लागतात. आजारी डिस्क कित्येक दिवस खाऊ शकते.

पुढचं सगळं क्लोनवरच. बहुतेक घरगुती नॅसच्या आत लिनक्सचीच रेड असते. ती सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या कमांडला एक्झामिन म्हटलं की प्रत्येक डिस्कचा 'इव्हेंट्स' आकडा, म्हणजे रेडमधल्या बदलांची मोजणी, दिसतो. तीन डिस्कचे आकडे जवळजवळ सारखे आणि चौथीचा खूप मागे असेल, तर चौथी केव्हाच बाहेर पडली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती शिळी डिस्क जोडणीत घेतली की जुना आणि नवा डेटा एकमेकांत मिसळतो: फोल्डर दिसतात, फोटो उघडत नाहीत. तिला बाजूला ठेवून उरलेल्या तिघींवर फोर्सने असेंबल करा (जोडणी करा) आणि रीड-ओन्ली माउंट करा (फक्त वाचण्यापुरतं उघडा). नवी रेड बनवणाऱ्या 'क्रिएट' कमांडला मात्र हात लावू नका. कमांडची भीती वाटत असेल तर आर-स्टुडिओ किंवा यूएफएस एक्स्प्लोरर हे डेटा परत काढणारं सॉफ्टवेअर घ्या. डेमोमध्ये फाइल दिसल्या तरच पैसे भरा.

बर्डीतल्या (सीताबर्डीतल्या) दुकानांबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. उडालेलं पार्टिशन, पेनड्राइव्ह, एकटी डिस्क यासाठी ती सोयीची. रेडसाठी आधी विचारा: "पहिले क्लोन काढाल का? मूळ डिस्कवर काही लिहिणार नाही ना?" उत्तर गोलमोल आलं तर डिस्क उचला. "इथेच उघडून बघतो" म्हटलं तरी उचला. झाकण उघडायला क्लीन रूम लागते, आणि मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कमध्ये हेलियम भरून सील केलेलं असतं. व्होल्टेजने सर्किट बोर्ड जळाला असेल तर दुसरा बोर्ड नुसता बसवून भागत नाही. जुन्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं असतात, तीही नव्यावर न्यावी लागतात.

लॅब महाग. डिस्क जितक्या, तितकं बिल वाढतं, आणि मुंबई-पुण्याला पाठवण्यात दिवस जातात. पण हेड (डिस्क वाचणारा आतला भाग) गेलेल्या दोन डिस्क असतील तर दुसरा मार्ग नाही. आधी तपासणी, मग लेखी अंदाज, मग काम, याच क्रमाने बोला. रुग्णांचा डेटा असेल तर गोपनीयतेचा करार सहीनिशी घ्या. कुरिअरपेक्षा कुणीतरी रेल्वेने हातात नेणं मला बरं वाटतं: प्रत्येक डिस्क वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती जाड फोम. शिळी डिस्कसुद्धा सोबत द्या. नॅसचं किंवा रेड कार्डचं मॉडेल, कोणती डिस्क आधी गेली, आणि त्यानंतर कुणी कोणतं बटण दाबलं, हे सगळं एका कागदावर खरंखरं लिहून त्याच पेटीत ठेवा.